इसानात घरजावई: थायलंडच्या खेड्यात आणि शेतात रुळायचं कसं

थायलंडच्या ईशान्येला, इसानात, गोऱ्या परदेशी माणसाला 'फारांग' म्हणतात. आपण फारांगात मोडत नाही. आपल्याला 'खॅक' म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ पाहुणा, आणि हिंदुस्थानी किंवा अरबी चेहऱ्याच्या माणसालाही हाच शब्द. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना खॅक म्हटलं की मोटारसायकलवर मच्छरदाण्या बांधून हप्त्यानं विकणारा, जमलं तर व्याजानं पैसे फिरवणारा उत्तर हिंदुस्थानी आठवतो. मी सासुरवाडीला राहायला गेलो त्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजीनं मला डबल मच्छरदाणीचा भाव विचारला होता.

मी सोलापूर जिल्ह्यातला. घरी ज्वारी, ऊस आणि पाण्याची वाट बघणं. बायको रोय-एत प्रांतातली, थुंग कुला रोंग हाय नावाच्या माळावरची. 'कुला व्यापारी रडले ते माळरान' असा त्या नावाचा अर्थ. आज हेच माळ सुवासिक होम मली तांदळासाठी नावाजलेलं आहे. पाच प्रांतांत पसरलेल्या या पट्ट्यातल्या तांदळाला २०१३ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

गोऱ्या माणसाला इथं सगळंच परकं दिसतं, म्हणून तो जपून पाऊल टाकतो. आपल्याला निम्मं ओळखीचं वाटतं. अनवाणी घरात जाणं, मोठ्यांना हात जोडणं, चिखलणी, बैठा संडास, पाण्यानं धुणं, सकाळी देवळात डबा नेणं. तीन थरांच्या डब्याला इथं 'पिन्तो' म्हणतात. हे ओळखीचं वाटणंच आपल्याला ठेच लावतं. पुढचं सगळं मी ठेचा खाऊनच शिकलो.

पहिली पायरी: दोन फेऱ्या मारा, मग ठरवा

मुंबईहून बँकॉक विमानानं चारेक तास, घड्याळ दीड तास पुढं. तिथून मोचितच्या बसस्थानकावरून रात्रीची गाडी धरली की पहाटे इसान. प्रवास सोपा आहे, म्हणूनच एका भेटीत निर्णय घेऊ नका.

एक फेरी नोव्हेंबरात करा आणि एक एप्रिलमध्ये. नोव्हेंबरात भात पिवळं झालेलं असतं, हवा गार, माणसं खूश. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, जमीन भेगाळते आणि गावात म्हातारी माणसं, नातवंडं आणि कुत्री एवढंच उरतं, कारण मधली पिढी बँकॉकला कामाला असते. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सुट्टीत, १३ ते १५ एप्रिलला, ती सगळी परत येते. ते तीन दिवस सोडून उरलेला एप्रिल बघा. नोव्हेंबरातलं इसान बघून मुक्काम ठरवणं म्हणजे श्रावणात माण-खटाव बघून जमीन घेणं.

दुसरी पायरी: कागद

हा भाग रुक्ष आहे, पण इथं चूक झाली तर बाकीच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

गावात धागे बांधून झालेलं लग्न समाजापुरतं. कायद्याला लागते ती 'अम्फो' म्हणजे तालुका कचेरीतली नोंद. त्यासाठी आपल्या वकिलातीकडून विवाहास मोकळे असल्याचा दाखला, त्याचं थाई भाषांतर आणि थाई परराष्ट्र खात्याचं प्रमाणन लागतं. लग्न भारतात झालं असेल तर त्याचा दाखला भाषांतरित करून अम्फोत 'को रो २२' या नमुन्यात नोंदवता येतो.

राहण्यासाठी थाई व्यक्तीचा जोडीदार म्हणून 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसा आणि मग वर्षावर्षाची मुदतवाढ. नवऱ्याच्या नात्यानं मुदतवाढ मागताना थाई बँकेत स्वतःच्या नावावर ४,००,००० बाट दोन महिने आधीपासून पडून असावे लागतात, किंवा महिना ४०,००० बाट उत्पन्न दाखवावं लागतं. सलग राहिलात तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. शिवाय परदेशी माणूस घरात आला की घरमालकानं २४ तासांत 'टीएम ३०' ही सूचना द्यायची असते. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर हे काम त्यांच्या नावानं होतं, तेव्हा त्यांना आधीच समजावून सांगा. माझ्या वेळी कुणी सांगितलं नाही. अर्ज करायला गेल्यावर दंड भरावा लागला आणि सासूबाईंना वाटलं की जावयानं काहीतरी गुन्हा केलाय.

नियम आणि रकमा बदलत असतात. निघायच्या महिन्यात पुन्हा एकदा तपासा.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: राजघराण्याबद्दल थट्टेनंही बोलू नका, फोनवरही काही पुढं पाठवू नका. कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे.

तिसरी पायरी: घरात तुमची जागा कोणती

आपल्याकडे घरजावई म्हटलं की त्यात टोमणा असतो. इसानात ती जुनी रीत आहे. लग्नानंतर मुलगा बायकोच्या घरी जातो. थोरल्या मुली हळूहळू वेगळं बिऱ्हाड करतात आणि धाकटी मुलगी आईबापांजवळ राहते, त्यांचं म्हातारपण बघते, राहतं घरही तिलाच मिळतं. त्यामुळं पहिला प्रश्न बायकोला विचारायचा तो हा: तू कितवी? ती धाकटी नसेल तर सासऱ्यांच्या जागेत स्वतःच्या पैशानं पक्कं घर बांधू नका. आज सगळे हसून हो म्हणतील, पण वीस वर्षांनी त्या घराखालची जमीन मेहुणीची असेल.

हुंड्याची इथं उलटी गंगा आहे. मुलाकडचे मुलीच्या घरी 'सिन सोत' देतात, आणि तो लग्नात सगळ्यांसमोर मांडला जातो, मोजला जातो. बऱ्याच घरांत त्यातला काही भाग किंवा सगळाच जोडप्याला परत मिळतो, पण तसं गृहीत धरू नका. किती मांडायचा, किती परत, हे आधी एखाद्या वडीलधाऱ्या मध्यस्थामार्फत ठरवा. स्वतः घासाघीस केली तर तुमचे हजारभर बाट वाचतील आणि तुमची किंमत कायमची ठरेल.

जावयाला 'खोय' म्हणतात, आणि खोयला बायकोची पायरी मिळते. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असला तरी तो 'फी खोय', म्हणजे नात्यानं मोठा. आधी वाय, म्हणजे हात जोडून अभिवादन, तुम्ही करायचा. वाय म्हणजे आपला नमस्कार नव्हे. हात किती उंच आणि मान किती खाली, यावरून समोरच्याचा मान मोजला जातो. लहान मुलाला किंवा दुकानातल्या पोरीला आपण आधी वाय केला तर ती बिचारी गोंधळतात; तिथं मान हलवून हसणं पुरे. वडीलधारे जमिनीवर बसलेले असताना समोरून जायचं तर कमरेत वाकून जायचं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लाडानंही नाही. आपल्याकडे मावशी पोराच्या डोक्यावरून हात फिरवते, इथं ते मोठ्या माणसाला अपमानकारक वाटू शकतं.

'क्रेंग-चाय' हा शब्द पुस्तकांत पानभर समजावलेला असतो. मराठी माणसाला दोन अक्षरं पुरतात: भीड. फरक एवढाच, की आपली भीड तीनदा आग्रह केला की मोडते, इथली मोडत नाही. घरात कुणाला काही नको असेल तर ते 'नको' म्हणणार नाहीत, गप्प बसतील. गप्प बसणं म्हणजे होकार नाही, हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

आग्रहाचंच दुसरं टोक सांगतो. घरासमोरून जाताना लोक हाक मारतात, 'मा किन खाव!' म्हणजे या जेवायला. मी पहिल्या महिन्यात दोन घरी खरंच जाऊन बसलो. त्यांनी आनंदानं वाढलंही. पण ती हाक म्हणजे आपलं 'काय, जेवलात का?' आहे. 'किन लॅव', जेवलो, म्हणायचं आणि पुढं चालायचं.

आणि आवाज. आपलं साधं बोलणं इथं भांडणासारखं ऐकू येतं. एकदा मळणीयंत्राचा चालक कबूल केलेल्या दिवशी आला नाही, म्हणून मी त्याला रस्त्यात चार लोकांसमोर बोललो. शिवी नाही, फक्त आवाज चढला. तो हसला. पुढच्या वर्षी आमच्या शेतात त्याचं यंत्र सगळ्यात शेवटी आलं आणि तोवर निम्मं भात आडवं झालं होतं. सासऱ्यांनी एक शब्द काढला नाही. मी गप्पच बरा, हे त्या दिवशी कळलं.

चौथी पायरी: बोली, आणि वही देवनागरीत

बँकॉकची थाई शिकून गेलात तर तुम्हाला सरकारी साहेबासारखं ऐकतील. घरात इसान बोली चालते, जी लाओ भाषेची सख्खी बहीण आहे. सुरिन, बुरिराम, सिसाकेतच्या बऱ्याच गावांत तर ख्मेर चालते. सासर कुठल्या पट्ट्यातलं आहे ते आधी विचारा.

इथं आपल्याला मोठा फायदा आहे. इंग्रजी अक्षरांत थाई लिहिणाऱ्या गोऱ्यांची क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांत कायम गल्लत होते. आपल्याकडे ही सगळी अक्षरं तयार आहेत. शब्दांची वही देवनागरीत ठेवा आणि डोक्यावर सुराची खूण करा: चढता, उतरता, सपाट. सूर चुकला की अर्थ गेला.

शब्दही भेटतील. 'कसेत' म्हणजे शेती. ते क्षेत्र, ज्यातून आपलं 'शेत' आलं. 'थनाखान' म्हणजे बँक, धनागार. 'फनराया' म्हणजे भार्या. 'मांगसाविरात' म्हणजे मांसविरती, अर्थात शाकाहार. पण हे सगळे कचेरीतले शब्द. चुलीपाशी कामाला येतात ते वेगळे: 'बो' म्हणजे नाही, आणि वाक्याच्या शेवटी आला की प्रश्न. 'पाय साय?' कुठं निघालात? 'सॅप' म्हणजे चवदार. 'बो पेन यांग' म्हणजे असू द्या, काही हरकत नाही. आणि 'आय' म्हणजे थोरला भाऊ. माझी आई फोनवर होती आणि मागून मेहुणीनं मला 'आय!' अशी हाक मारली, तेव्हा सोलापुराकडं दहा मिनिटं हसू चालू होतं.

नाव घेऊन नुसतं हाक मारणं टाळा. मोठ्याला 'फी', लहानाला 'नोंग', आईबापांपेक्षा मोठ्यांना 'लुंग' आणि 'पा'. आईकडच्या आणि बापाकडच्या आजी-आजोबांना वेगळे शब्द आहेत, मामा-काका वेगळे करणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

पाचवी पायरी: पैसा

गावात परदेशी जावई आला की घरात पैसा आला, असं सगळे धरून चालतात. तुम्ही पुण्यात घराचे हप्ते भरता हे कुणाला दिसत नाही.

मागेल तेव्हा देणं ही सगळ्यात वाईट पद्धत. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि ती बायकोच्या हातून सासूबाईंच्या हाती जाऊ द्या. मुलींनी आईबापांना पैसे देणं इथं सन्मानाचं आहे; तुम्ही थेट दिलेत तर तो सन्मान तुम्ही काढून घेता. रक्कम अशी ठरवा की वाईट वर्षातही देता येईल. वाढवलेली कमी करता येत नाही.

मग कर्ज विचारा. बहुतेक घरांचं खातं शेतकी बँकेत असतं. १९६६ साली स्थापन झालेली ही सरकारी बँक गावात 'थो को सो' या आद्याक्षरांनी ओळखतात. जमिनीचा कागद घरात आहे की बँकेत, हे लग्नाआधी माहीत असलेलं बरं. शिवाय गावनिधीचं कर्ज, खताच्या दुकानाची उधारी, आणि बाहेरचं सावकारी. एकरकमी सगळं फेडून टाकण्याचा मोह होईल. माझा सल्ला, करू नका. फिटलेलं कर्ज पुढच्या पेरणीला पुन्हा उभं राहतं, कारण भाताचं चक्रच कर्जावर फिरतं. त्यापेक्षा खताचे पैसे दर वर्षी वेळेवर द्या, म्हणजे उधारीवरचं व्याज वाचेल. आणि कुणालाही जामीन राहू नका, मेहुण्याला तर नाहीच.

आहेराचं पाकीट आपल्यासारखंच: कुणी किती दिलं ते वहीत लिहिलं जातं आणि तेवढंच परत जातं. गावच्या 'फू याय बान'पेक्षा, म्हणजे गावप्रमुखापेक्षा, जास्त घालू नका. जास्त घातलं की समोरच्यावर ओझं होतं.

सहावी पायरी: जमीन, जी तुमची होणार नाही

माप आधी. इथं 'राय' चालतो: १,६०० चौरस मीटर, म्हणजे आपले पावणेसोळा गुंठे. एका एकरात अडीच रायहून थोडं जास्त. रायचे चार 'न्गान' होतात, आणि एक न्गान म्हणजे साधारण चार गुंठे.

परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. बायको लग्नानंतर जमीन घेते तेव्हा भूमी कचेरीत तुम्हालाच सही करून लिहून द्यावं लागतं की पैसा तिचा स्वतःचा आहे, तुमचा त्यावर हक्क नाही. ही सही करताना हात थरथरत असेल तर जमीन घेऊ नका.

कागदाचे प्रकार ओळखायला शिका. लाल गरुडाच्या शिक्क्याचा 'छानोत' म्हणजे मोजणी झालेला पक्का मालकी हक्क. हिरव्या गरुडाचा त्याखालोखाल. 'सो पो को' ही भूमिसुधारणेत वाटलेली शेतजमीन. ती बाजारात विकता येत नाही, वारसाला देता येते. कुणी स्वस्तात सो पो को विकतोय म्हणाला की चहा पिऊन घरी या.

तुमच्या हक्कासाठी दोन वाटा आहेत. भाडेपट्टा, जास्तीत जास्त ३० वर्षं, आणि तीन वर्षांवरचा असेल तर नोंदणी हवी. दुसरी वाट वापर-उपभोगाचा हक्क, जो छानोतच्या पाठीवर नोंदवून हयातभर मिळू शकतो. पण नवरा-बायकोतला करार दोघांपैकी कुणीही संसार चालू असताना मोडू शकतं, असं तिथल्या दिवाणी संहितेचं कलम १४६९ सांगतं. म्हणून सासऱ्यांच्या नावावरच्या जमिनीवर सासऱ्यांकडून हक्क नोंदवला तर तो जास्त टिकतो. स्वतंत्र वकील करा, विकणाऱ्यानं आणलेला नको.

भातशेती आणि पशुपालन हे धंदे १९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्यानं परदेशी माणसाला बंद आहेत. शेतकरी नोंदणीचं हिरवं पुस्तक, अनुदान, विक्रीची पावती, सगळं बायकोच्या किंवा सासऱ्यांच्या नावानं. घरच्या शेतात हातभार लावणं वेगळं आणि मजुरी घेऊन दुसऱ्याच्या शेतात राबणं वेगळं. दुसऱ्याला परवाना लागतो आणि शेतमजुरीचा परवाना तुम्हाला कुणी देणार नाही.

सातवी पायरी: शेताचं वर्ष

मे महिन्यात पहिला पाऊस. त्याआधी-मागे 'बुन बांग फाय', बांबूचे अग्निबाण आकाशात सोडून 'फाया थॅन' या आभाळाच्या देवाला पाऊस मागायचा. यासोथोनचा उत्सव मोठा. मग नांगरट. नांगरटीला हल्ली ट्रॅक्टर किंवा 'ख्वाय लेक', लोखंडी रेडा, म्हणजे हातानं चालवायचा छोटा नांगर-ट्रॅक्टर. खरे रेडे हौसेला आणि विक्रीला उरलेत.

पेरणीच्या दोन रीती: रोपं लावणं आणि बी फेकणं. लावणीला बी कमी लागतं, तण दबतं, पण माणसं लागतात, आणि माणसं बँकॉकला आहेत. म्हणून बहुतेक शेतं फेकपेरणीची. पूर्वी लावणी 'लोंग खॅक' पद्धतीनं व्हायची: आज सगळ्यांनी तुमच्या शेतात, उद्या सगळ्यांनी त्यांच्या. पाहुणे उतरवणे, असा शब्दार्थ. आपल्या इर्जिकीचं हे जुळं भावंड. आता फार उरलं नाही, पण कुठं असेल तर जेवण तुमच्या घरचं आणि हजेरी न चुकता.

आमच्याकडे दोन भातं असतात. खायला चिकट, विकायला सुवासिक. सुवासिकचं नाव खाव दोक मली १०५, १९५९ साली मान्यता मिळालेलं वाण. चिकट वाण 'को खो ६', ते त्याच १०५ वर किरणांचा मारा करून १९७७ साली काढलं. १०५ दिवसाच्या लांबीवर चालतं: मेमध्ये पेरा नाहीतर जुलैत, फुलोरा ऑक्टोबरच्या विशीलाच आणि कापणी नोव्हेंबरात. म्हणून उशीर झाला तर पीक पुढं ढकलत नाही, फक्त बुटकं राहतं. उतारा पावसाच्या पाण्यावर रायला साधारण साडेतीनशे किलो, म्हणजे एकरी नऊएक क्विंटल. वाळूची, कुठं कुठं मिठाची जमीन. खाली मिठाचे थर आहेत. बोअर मारायचा विचार डोक्यात आला तर आधी शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी चाखून बघा.

आता माझा पराक्रम. सासऱ्यांचं शेत अकरा तुकड्यांचं, वेड्यावाकड्या बांधांचं, मधेच वारुळाचे उंचवटे आणि त्यावर झाडं. मी म्हटलं, बांध काढू, एकसारखं करू, ट्रॅक्टर सरळ फिरेल. सासरे गप्प. मी होकार समजलो आणि यंत्राचा भाव काढून आलो. रात्री बायकोनं सांगितलं ते असं. वरचे तुकडे 'ना दोन', उंचावरचं भात. खालचे 'ना लुम', खोलगटातलं. पाऊस कमी झाला की खालचं पिकतं, पूर आला की वरचं. दोन्ही एका पातळीला आणले तर चांगल्या वर्षी थोडं जास्त मिळेल आणि वाईट वर्षी काहीच नाही. वारुळाची माती खत म्हणून पसरतात, त्यावर मिरची-लेमनग्रास लावतात, आणि दुपारी सावलीला तिथंच बसतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागलं, याची लाज मला अजून आहे.

तर पहिलं वर्ष फक्त बघा. पाणी न्या, डबा न्या, गाडी चालवा, बांधावर गवत कापा. सूचना दुसऱ्या वर्षापासून, त्याही बायकोमार्फत.

तुमच्या उपयोगाची एक जागा मात्र आहे, ती विक्रीची. मळणीयंत्रातून निघालेलं भात ओलं असतं, पंचवीस टक्क्यांच्या आसपास. गिरणी ओलाव्याची कपात करते. ताडपत्रीवर दोन-तीन दिवस उन्हं दाखवून ते १४-१५ टक्क्यांवर आणलं तर किलोमागं भाव सुधारतो. पण त्या तीन दिवसांत कर्जाचा हप्ता आणि यंत्राचं भाडं दारात उभं असतं, म्हणून लोक ओलंच विकतात. तुमच्याकडे पैसा असेल तर तो इथं वापरा: यंत्राचं भाडं आगाऊ द्या आणि भात वाळू द्या. आम्ही तसं करतो. ही एकच सूचना सासऱ्यांनी स्वतःहून शेजाऱ्याला सांगितली.

डिसेंबर ते एप्रिल शेत मोकळं, धसकटांवर गुरं. बरेच जण ऊसतोडीला किंवा बँकॉकला. उसाचा पाला पेटवल्यानं फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा धुरकट होते; दमा असेल तर ते दोन महिने भारतात काढा.

आठवी पायरी: चिखल आणि शरीर

मधुमेह असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. इसानच्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मेलिऑयडोसिसचे जंतू असतात. पायाच्या भेगेतून, श्वासातून किंवा न उकळलेल्या पाण्यातून ते शरीरात जातात. मधुमेही माणसाला धोका सगळ्यात जास्त, आणि ईशान्य थायलंडात हा आजार झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दगावतात. अनवाणी चिखलात उतरण्याची आपली सवय इथं सोडा. गुडघ्यापर्यंत गमबूट, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, अंगणातल्या रांजणातलं पावसाचं पाणी उकळून. लावणीनंतर ताप आला तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की शेतात होतो. लेप्टोही त्याच दिवसांत असतो.

साप: नाग, मण्यार, हिरवे चापडे. मांत्रिक नको, थेट रुग्णालय. तातडीचा क्रमांक १६६९. गावात आरोग्य स्वयंसेविका असते, तिच्याशी ओळख ठेवा. सरकारी मोफत उपचार योजना थाई नागरिकांसाठी आहे, तुम्हाला विमा घ्यावाच लागेल. आणि मोटारसायकलचा परवाना नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

नववी पायरी: ताट

चिकट भात रात्री भिजवून पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात आणि 'क्रातिप' या झाकणाच्या करंडीत ठेवतात. हातानं छोटा गोळा करून, दाबून, कालवणात बुडवून खायचा. आपल्याला हातानं खाणं नवं नाही, पण भात कालवायचा नाही, तेवढं लक्षात ठेवा. हिरवं भात भाजून कुटलेलं 'खाव माव' ऑक्टोबरात मिळतं. हुरड्याची आठवण आली तर रडून घ्या.

कच्च्या मासळीचं 'कोय प्ला' कुणी कितीही प्रेमानं पुढं केलं तरी खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतातला पर्णकृमी शरीरात जातो आणि वर्षानुवर्षांनी पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. या रोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त इथंच आहे. कच्च्या डुकराच्या मांसालाही नकार. 'पोट बरं नाही' हे कारण सगळ्यांना पटतं. आंबवलेल्या माशाचं 'पा दॅक' जवळपास प्रत्येक पदार्थात असतं, उकळलेलं मागा.

शाकाहारी असाल तर 'किन चे' म्हणा. त्यात मांस, अंडं, मासळीचं पाणी काही नाही, पण कांदा-लसूणही नाही. खेड्यात रोज कुणी वेगळं रांधणार नाही, म्हणून चूल स्वतः पेटवा. तूरडाळ आणि बेसन गावात मिळत नाही. माझं पिठलं घरात कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही, शेंगदाण्याची चटणी मात्र चिकट भाताबरोबर संपते.

दहावी पायरी: देव, जागा, मरण

शेतात पहिली काडी लावण्याआधी 'फी ता हॅक'ला, शेताच्या राखणदाराला, नैवेद्य असतो. आपल्या बांधावरच्या म्हसोबासारखंच. गावाच्या कडेला 'दोन पू ता' म्हणून झाडी असते, पूर्वज-देवांची. ती देवराई आहे, तिथली काटकीही तोडू नका.

भिक्षूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि तीन महिने चालतो. बरेच लोक या काळात दारू सोडतात, आपल्याकडे श्रावण पाळतात तसं. एरवी संध्याकाळी 'लाव खाव' या पांढऱ्या दारूचा एकच पेला गोल फिरतो. एक घोट घेऊन पुढं द्या, नाहीतर पहिल्याच दिवसापासून 'पीत नाही' सांगा. मधेच सोडलं तर कारणं द्यावी लागतात. बायकांनी भिक्षूला स्पर्श करू नये, हातातून हातात वस्तूही देऊ नये. मराठी मुलगी सून म्हणून गेली असेल तर तिनं हे आधी शिकावं.

गावात मयत झालं की बातमी पहाटे कर्ण्यावरून येते, सहाच्या सुमारास, त्याच आवाजात ज्यात काल खत आल्याचं सांगितलं होतं. अंत्यविधी काही दिवस चालतो. बहुतेक गावांत मयतनिधी असतो, प्रत्येक सभासद घरानं ठरलेली रक्कम द्यायची. पैसे बायको देईल. तुम्ही सकाळी काळे-पांढरे कपडे घालून जा, खुर्च्या उचला, बर्फ फोडा, भांडी धुवा. बोलता येत नसलं तरी चालतं. कुणी बसा म्हणालं तर बसा, पण मोबाइल काढून बसू नका.

भारतात चक्कर मारायची असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेशाचा शिक्का घ्या: एकदाचा १,००० बाट, अनेकदाचा ३,८००. तो नसेल तर वर्षाची मुदतवाढ विमानतळावरच संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. येताना बियाणं आणू नका, रोपांच्या तपासणीत अडकतं. तूरडाळ, बेसन, काळा मसाला, आणि सासूबाईंना सोलापुरी चादर. एप्रिलमध्ये हसतील, डिसेंबरच्या रात्री पांघरतील.